सहा पाच

निवृत्ती खैरनार नावाप्रमाणेच आता निवृत्त.
तीस वर्षं जुन्या सीबीएसवर वाहतूक नियंत्रक.
मुलीच्या लग्नाचं वेळापत्रक त्यांनी स्वतः आखलंय,
फूलस्केप कागदावर, पट्टी धरून,
लाल-निळ्या पेन्सिलीनं.
सिडकोतलं घर. समोर वाटीत काळी द्राक्षं,
अजून जरा आंबटच.

"बघा मॅडम. सात दहा, हळद.
दहा चाळीस, वऱ्हाड सटाण्याहून लॉन्सवर,
चांदवडचा चहा धरून.
बारा सदतीस, मुहूर्त."

मी म्हटलं, बारा सदतीसला ऊन डोक्यावर असतं काका,
मुंडावळ्यांची सावली पडते डोळ्यांवर,
नवरानवरी झोपेतून उठवल्यासारखी येतात फोटोत.
"ती गुरुजींची गाडी," ते म्हणाले,
"माझ्या हातात नाही. पण वर कापड देता येईल."
लाल नको, मी म्हटलं,
लाल कापडाखाली अख्खं वऱ्हाड
थोबाडीत खाल्ल्यासारखं दिसतं. पांढरं घ्या.
"पांढरं? लग्नात?" आतून कुकरच्या शिट्टीवर काकूंचा आवाज.
शेवटी सायीच्या रंगावर मिटलं.

मग ग्रुप फोटो. चौदा. प्रत्येकी तीन मिनिटं.
ओझरचे काका आणि पिंपळगावच्या आत्या
एका फलाटावर लावायच्या नाहीत.
का, ते मी विचारलं नाही, तरी सांगितलं:
विहिरीवरून. सत्त्याऐंशी साल.
माझ्या धंद्यात कॅमेऱ्याइतकंच हे लक्षात ठेवावं लागतं,
कोण कोणाच्या खांद्याला खांदा लावत नाही.

हर्षाली दारात उभी, एक पाय दुसऱ्या पायावर.
तिला गंगापूर धरणाच्या पाण्याशी एक फोटो हवाय,
पाठमोरा, शालूचा पदर वाऱ्यावर.
"जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस,"
कागदावरून मान वर न करता बाबा म्हणाले,
"मधे लग्न कोण लावणार?"
ती हसली. मीही.

मी कालच लॉन्स बघून आले होते.
मागं द्राक्षबाग आहे, बांधाला शेवग्याची दोन झाडं.
माघात संध्याकाळी सहाच्या सुमारास
तिथं ऊन आडवं येतं, पानांतून गाळून,
माणसं कशीही असोत, बरी दिसतात.
दिवसभरात तेवढीच वीस मिनिटं खरी.
मी कागदावर बोट ठेवलं.
तिथं निळ्या अक्षरांत होतं: सहा पाच, पाठवणी.

अगदी बरोबर काका, मी म्हटलं,
ही एक वेळ मिनिटानंही हलवू नका.

ते गप्प झाले.
खिशातून खोडरबर काढलं.
"सहा पन्नास करू."
अंधार पडेल काका.
"पडू द्या."
रबराचा चुरा त्यांनी फुंकला नाही,
तळहातानं गोळा केला, द्राक्षांच्या देठांत टाकला.

"मॅडम, तीस वर्षं गाड्या सोडल्या मी.
सगळे गाडीकडे बघतात.
सोडणाऱ्याकडे कोणी बघत नाही.
मला तेच बरं वाटतं."

हर्षाली आत निघून गेली.
नळ सुरू झाल्याचा आवाज आला,
बराच वेळ सुरू राहिला.

रिकाम्या झालेल्या चौकटीवर पेन्सिल थांबली.
रिकामी चौकट त्यांना सोसत नसावी.
मग सहा पाचच्या पुढं त्यांनी लिहिलं: राखीव.
कोणासाठी, ते लिहिलं नाही.

मी माझ्या वहीत लिहिलं:
सहा पन्नास, पाठवणी.
फ्लॅश नाही.

काकू हात पुसत बाहेर आल्या,
चष्मा लावून कागद वरून खाली वाचला,
परत खालून वर.
"अहो, यात पंगती कुठायत?"

खरंच, पंगती कुठंच नव्हत्या.